एक नंबर टेबलाच्या मावशी

सकाळी सातचा भोंगा झाला की तपासणीच्या खोलीतली दोन टेबलं लगेच सुरू व्हायची आणि एक नंबरचं टेबल पाच मिनिटं बंद राहायचं. त्या पाच मिनिटांवरून रोज कोणी ना कोणी बोलायचं. मावशी ऐकून घ्यायच्या आणि आपलं काम करायच्या. पिशवीतून हातभर कापडाचा एक तुकडा काढायच्या, टेबलावर पसरायच्या, दोन पावलं मागे यायच्या आणि मोजायला लागायच्या. "एक... दोन... तीन... चार..." मग जरा थांबून, "पाच." पाच म्हटल्यावरच त्यांचा हात बटणाकडे जायचा.

हिंगणघाटच्या बाहेर, हायवेला लागून असलेल्या त्या कापडाच्या मिलमध्ये मी कॉलेजच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून सहा महिने काम केलं. मागावरून उतरलेलं कोरं कापड रंगाईला जाण्याआधी तपासणीच्या खोलीत येतं. तिरप्या टेबलावरून ते हळूहळू सरकत राहतं, वरून ट्यूबलाइटच्या नळ्यांचा उजेड पडतो, आणि समोर उभ्या असलेल्या बाईने दोष दिसला की तिथे खूण करायची. अशी तीन टेबलं होती. पहिल्यावर बावीस वर्षं त्याच उभ्या होत्या, म्हणून सगळे त्यांना एक नंबरच्या मावशी म्हणायचे. मीही तेच म्हणत असे. त्यांच्याबद्दल लिहिण्याचा मला किती अधिकार आहे, याची मला खात्री नाही. पुढे वाचून ते वाचणाऱ्यांनीच ठरवावं.

मावशींच्या तुकड्यात पाच दोष होते. एक गाठ, एक तुटलेला धागा, एक जाड धागा, एक आडवी पट्टी आणि तिळाएवढा, अगदी फिका तेलाचा डाग. हा तुकडा त्यांनी स्वतः जमवून, कडा शिवून तयार केला होता. मी नवीन असताना एकदा धीर करून विचारलं, "मावशी, कुठं काय हाये ते त तुमाले पाठच असन. मंग रोज काऊन मोजता?"

"पाठ हाये मनूनच त मोजते," त्या म्हणाल्या. "डाग तिथं हाये हे मले पक्कं मालूम. तरी दिसला नाई, त उजेड कमी हाये. हे माह्या डोयाची परीक्षा नाई व पोरी, त्या नळीची हाये."

माझ्याकडेही नळीची परीक्षा घ्यायचंच काम होतं. उजेड मोजायचा एक लहानसा मीटर मला दिला होता. सकाळी आणि दुपारी तिन्ही टेबलांवर तो धरायचा आणि आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा. आकडा हजाराच्या खाली जाऊ नये, असा कागद भिंतीवर चिकटवलेला होता. पहिल्या दिवशी मी हात उंच करून मीटर अगदी नळीजवळ नेला. मावशी हसल्या. "तिथं कापड जाते काय? कापड खाली हाये, खाली धर. मधात धर, मंग कडेले धर. डाग काही मधातच पडीन असं लिहून नाई देल्लं त्यानं." तेव्हापासून मी मध्ये आणि दोन्ही कडांना मोजून सगळ्यांत कमी आकडा लिहू लागले. माझ्या मीटरला त्या डब्बी म्हणायच्या. "तुह्या डब्बीले आकडा दिसते, मले डाग दिसते. दोघींचं जमलं पाह्यजे," असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांची ही सवय मिलपुरती नव्हती. एका रविवारी मला ड्रेसचं कापड घ्यायचं होतं, तर त्या सोबत आल्या. दुकानदाराने तागा उलगडला, वर झगझगीत दिवे लावले. मावशींनी तागा उचलला आणि सरळ दुकानाबाहेर रस्त्यावर नेला. दुकानदार मागे धावला. "अवो बाई, पैसे!" मावशी उन्हात कापड तिरपं धरून म्हणाल्या, "पयत नाई तुहा तागा. दुकानातल्या उजेडात सारंच कापड गुनाचं दिसते." त्यात दोन ठिकाणी पट्टी निघाली. दुकानदार म्हणाला, "असं त कोनी पाहतच नाई." त्यावर मावशी म्हणाल्या, "मी पाह्यते ना." लाजेने माझी मान खाली गेली होती, पण घरी येताना मला फार बरं वाटत होतं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलतात. मिलमध्ये जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला एवढंच सांगितलं, "साहेब लोकायसमोर जास्त तोंड उघडू नको. सांगतीन तसं करजो. सर्टिफिकेट हाती आलं पाह्यजे." ते सर्टिफिकेट आमच्या शिफ्टच्या सुपरवायझरच्या, म्हणजे ढोले साहेबांच्या सहीने मिळणार होतं. ढोले साहेब वाईट नव्हते. त्यांना वरून रोज किती मीटर कापड तपासलं ते विचारलं जायचं, आणि ते आम्हाला विचारायचे.

कापडाच्या मिलमध्ये हवेत कापसाचे बारीक तंतू सतत उडत असतात. ते नळ्यांवर बसतात. एका दिवसात काहीच कळत नाही, महिन्याभरात उजेड मंद होतो, आणि डोळे त्या मंदपणाला सरावतात. मावशी दर सोमवारी स्टुलावर चढून ओल्या फडक्याने आपल्या टेबलावरच्या चारही नळ्या पुसायच्या. दिवाळीनंतर दुसऱ्या खात्यात एक बाई स्टुलावरून पडली आणि नियम निघाला की वर चढायचं ते फक्त इलेक्ट्रिशियनने. नियम बरोबरच होता. आम्ही चिठ्ठी लिहायची आणि इलेक्ट्रिशियन येणार. चिठ्ठ्या गेल्या, इलेक्ट्रिशियन मागांच्या मोटारीतच अडकलेला होता. एकदा तो आला, एक नंबरच्या टेबलावरची एक काळी पडलेली नळी काढून स्टोअरमधली जुनी नळी लावली आणि बाकीच्या न पुसताच धावत गेला.

त्याच आठवड्यात माझ्या मीटरची बॅटरी संपली. शेवटचा आकडा एक हजार दहा होता. मी ढोले साहेबांना सांगितलं. ते फोनवर होते. फोनवर हात ठेवून म्हणाले, "मागवतो बॅटरी. तोवर कालचाच आकडा टाक." मी टाकला. दुसऱ्या दिवशीही टाकला. चौथ्या दिवशी मला वाटलं, रोज एकच आकडा कसा दिसेल? म्हणून मी एक हजार पंधरा लिहिलं. मग एक हजार पाच. हे करायला मला कोणीही सांगितलं नव्हतं. ते माझं मी केलं.

साधारण दोन आठवड्यांनी एका सकाळी मावशी चारवर थांबल्या. पुन्हा मोजलं. पुन्हा चारच. त्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसून राहिल्या. दोन नंबरवाली कुजबुजली, "झाली सुरू मावशीची पूजा." दहा मिनिटं झाली, वीस झाली. ढोले साहेब आले.

"काय मावशी, आज पाचवा डाग रजेवर गेला काय?"

"उजेड कमी हाये साहेब. नळ्या पुसून द्या, पाच मिनिटांत चालू करते."

"तुमच्या पाच मिनिटांची वीस झाली." साहेबांनी माझ्या हातातलं रजिस्टर ओढून उघडलं. "हे पाहा. एक हजार पंधरा. मशीन खोटं बोलते काय?" आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "काय मॅडम? रीडिंग बरोबर आहे ना?"

खोलीतल्या सगळ्या बाया माझ्याकडे पाहत होत्या. मावशीही पाहत होत्या, अगदी भरवशाने. मी मान हलवली. होकारार्थी.

साहेबांनी टेबलावरचा तुकडा उचलला आणि आपल्या ड्रॉवरमध्ये टाकला. "आता मीटर आहे. हे तुकड्याचं नाटक बंद." मावशी माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "डब्बी म्हन्ते त असन बावा." त्यांनी बटण दाबलं. त्या दिवशी त्या कापडावर इतक्या वाकून उभ्या होत्या की दोनदा त्यांचं कपाळ टेबलाच्या पट्टीला लागलं.

मला रोज वाटायचं, आज सांगू. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी शेजारी बसायचो. त्या माझ्या डब्यात ठेचा वाढायच्या, "खाय, अभ्यास करतं, डोस्कं चाललं पाह्यजे" म्हणायच्या, आणि मी खायचे. मग भोंगा व्हायचा आणि मी रजिस्टर घेऊन उठायचे.

रंगाईहून माल परत आला तेव्हा मी गेटजवळच होते. निळा रंग दिलेलं कापड होतं, आणि त्यावर जागोजागी फिके ठिपके उठलेले. तेलाच्या डागांवर रंग चढला नव्हता. गठ्ठ्यांवरच्या, टेबलाचा नंबर आणि तपासणाऱ्या बाईची सही असलेल्या चिकटपट्ट्या पाहिल्या तर बहुतेक सगळ्या एक नंबरच्या टेबलाच्या. परदेशी जाणारा माल होता. मॅनेजर साहेब स्वतः तपासणीच्या खोलीत आले. त्यांनी रजिस्टर मागवलं, पानं उलटली आणि म्हणाले, "उजेड ठीक आहे. मग डाग सुटले कसे?"

ढोले साहेब हळूच म्हणाले, "वय झालं सर. डोळे..."

मावशींना दोन दिवसांची मुदत मिळाली. मॅनेजर साहेब टेबलासमोर त्यांची परीक्षा घेणार, आणि त्यात दोष सुटले तर टेबल दुसरीला देणार. मावशींनी मग खाली पडलेली रुई गोळा करायच्या कामावर जायचं. मॅनेजर साहेब हे शांतपणे बोलले, ओरडले नाहीत, त्यामुळे ते अधिकच खरं वाटलं.

त्या दुपारी मावशींनी डबा उघडलाच नाही. बराच वेळ त्या आपल्या तळहाताकडे पाहत होत्या, जवळ नेत, दूर नेत.

"पोरी, मले वाटून राह्यलं का माहे डोयेच गेले," त्या म्हणाल्या. "मी नळीले दोष देऊन राह्यली होती. बावीस वर्सं मी लोकायचे दोष काढले, न माहा मलेच दिसला नाई."

मी काहीतरी बोलले, काय ते आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच की तेव्हाही मी खरं बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर मी बाजारात जाऊन मीटरची बॅटरी विकत घेतली. इतकं सोपं होतं ते. चौथ्या दुकानात मिळाली. परीक्षेच्या दिवशी मी साडेसहालाच खोलीत पोहोचले, एक नंबरचे दिवे लावले आणि मीटर कापडाच्या उंचीवर धरला. मध्ये पाचशे ऐंशी. डाव्या कडेला चारशे तीस. मी बॅटरी काढून पुन्हा बसवली. चारशे तीसच.

सात वाजता सगळे आले. मॅनेजर साहेबांनी एक नवीन गठ्ठा लावायला सांगितला. मावशींनी डोळ्यांना पाणी लावलं होतं, पदराने पुसत त्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. त्यांचा हात बटणावर गेला आणि मी म्हणाले, "सर, थांबा."

आवाज इतका लहान निघाला की पहिल्यांदा कोणाला ऐकूच आला नाही. मी पुन्हा म्हणाले, "सर, ते आकडे मी मोजलेले नाहीत."

ढोले साहेब म्हणाले, "काय बोलतेस?"

"बॅटरी संपली होती. एकवीस दिवस. मी मनाने लिहिले. मावशींनी उजेड कमी आहे म्हटलं, तेव्हा बरोबरच म्हटलं होतं." मी मीटर टेबलावर ठेवला. "आत्ता पाहा सर. इथे चारशे तीस आहे."

मॅनेजर साहेबांनी मीटर उचलला, स्वतः कडेला धरला, मग मध्ये. त्यांनी ढोले साहेबांना विचारलं, "बॅटरीचं तुम्हाला माहीत होतं?" ढोले साहेबांनी इलेक्ट्रिशियनला फोन लावला. तो लगेच आला. त्याने नळ्या पुसल्या तेव्हा फडक्यावर राखाडी लोकरीसारखा थर निघाला. दोन नळ्या नवीन लावल्या. दिवे लागले, आणि खोलीतल्या सगळ्या बायांनी डोळे मिचकावले. आपण किती अंधारात उभ्या होतो हे तेव्हा कळलं. मीटर अकराशेच्या वर गेला.

मावशींनी गठ्ठा तपासला. पहिल्या काही मीटरांतच तिळाएवढे डाग त्यांनी बोटाने दाखवले, मॅनेजर साहेबांना वाकूनही जे दिसत नव्हते ते. "इथं. हे पाहा, इथं. मागावर तेल गळून राह्यलं साहेब, तिथं जाऊन पाहा." टेबल त्यांच्याकडेच राहिलं. तुकडा ड्रॉवरमधून परत आला. मला शिक्षा म्हणून एकवीस दिवसांच्या प्रत्येक आकड्यावर लाल रेघ मारून पुढे "मोजलेले नाही" असं लिहून सही करायला लावलं. माझा हात दुखून आला, पण ती शिक्षा मला कमीच वाटली.

मला वाटलं होतं मावशी मला जवळ घेतील. खरं सांगायला लाज वाटते, पण वाटलं होतं. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी डबा उचलला.

"एकवीस दिवस," त्या म्हणाल्या. "एकवीस दिवस तू माह्या बाजूले बसून डब्बा खाल्ला व." आणि दोन नंबरवालीजवळ जाऊन बसल्या.

त्यानंतर त्या माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. "मोजलं?" "हो मावशी, मोजलं." "कडेले?" "हो, कडेलाही." त्या मान हलवायच्या. मी दिवसातून दोनदाच्या जागी चारदा मोजू लागले. आजही कुठे सही करायची वेळ आली की मी आधी विचारते, हे मी पाहिलंय का? लोक कंटाळतात. पण ते नंतरचं.

माझ्या शेवटच्या महिन्यात मला एक गोष्ट दिसली. तुकडा पसरून पाच मोजून झाल्यावर मावशी डाव्या डोळ्यावर हात ठेवायच्या आणि पुन्हा मोजायच्या. मग उजव्या डोळ्यावर ठेवायच्या आणि पुन्हा मोजायच्या. उजवा डोळा झाकलेला असताना त्यांचे ओठ चारवर थांबायचे. कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. दोन्ही डोळ्यांनी पाच दिसत होते, नळ्या स्वच्छ होत्या, माल पास होत होता. मी पाहिलं आणि मान फिरवली. विचारायची हिंमत मला नव्हती, आणि हक्कही नव्हता.

एका बुधवारी त्यांनी रजा घेतली. गुरुवारी भोंग्याच्या आधी आल्या, पण टेबलाकडे न जाता सरळ ढोले साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. हातात सरकारी दवाखान्याचा कागद होता.

"साहेब, डाव्या डोयात मोतीबिंदू धरला. डाक्टर म्हने सुरुवात हाये. लिहून घ्या. आजपासून माही सही टेबलावर नको."

परीक्षेच्या त्या दिवसापासून ढोले साहेब मावशींशी जपून वागायचे. ते खुर्चीतून अर्धे उठले. "मावशी, तुम्हाला कोणी विचारलं काय? लाइट बदलली, माल पास होऊन राह्यला. ऑपरेशनपर्यंत गप राहा ना. इथं एकदा टेबल सुटलं की परत मिळत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"मालूम हाये," मावशी म्हणाल्या. "पन एका डोयानं पाहून दोन डोयाची सही कशी करू?"

टेबल त्याच दिवशी दोन नंबरवालीकडे गेलं. मावशींनी तिला उभं कुठे राहायचं, मान किती वाकवायची ते दाखवलं, तासभर तिच्यामागे उभ्या राहिल्या आणि मग पिशवी घेऊन निघाल्या. मी रजिस्टर तसंच ठेवून त्यांच्यामागे गेटपर्यंत गेले. कित्येक आठवड्यांनी आम्ही दोघीच होतो.

"मावशी, काऊन सांगतलं वो?" मी विचारलं. "कोनालेच मालूम नव्हतं."

त्या थांबल्या. माझ्याकडे नीट पाहायला त्यांनी मान थोडी वळवली, उजवा डोळा माझ्याकडे येईल अशी.

"तुह्या आकड्याचं कोनाले मालूम होतं?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या खांद्यावरचे कापसाचे तंतू दोन बोटांनी उचलले, फुंकर मारून उडवले, आणि बऱ्याच दिवसांनी हसल्या. "फक्त मी एकवीस दिवस नाई थांबली."